इंग्रजी नाम आणि त्याचा सोबती

(तालुका शिक्षक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी काही बोलावे, अशी आज्ञा झाली तेव्हा मी मुद्दाम लहानसा विषय निवडला. इंग्रजीत एखाद्या नामाच्या पुढे 'ऑफ', 'टू', 'फॉर', 'इन', 'ऑन' यांपैकी कोणते अव्यय घालावे, एवढाच तो विषय आहे. विषय लहान असला तरी आपल्या वह्यांतील तांबडी शाई सर्वांत अधिक खर्च होते ती याच ठिकाणी. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हापासून तर ही शाई लहान लहान मुलांच्या वह्यांतही पोहोचली आहे.

माझ्याच हातून घडलेली एक चूक आरंभी सांगतो. काही वर्षांपूर्वी मी सातवीच्या वह्या तपाशीत होतो. एका मुलीने 'मेडिसिन ऑन फीवर' असे लिहिले होते. मी 'ऑन'वर काट मारली आणि वर 'फॉर' लिहिले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, "गुरुजी, जमिनीवरचा कर म्हणजे 'टॅक्स ऑन लँड', असं तुम्हीच परवा सांगितलंत. जमिनीवर कर, तसं तापावर औषध. मग इथं 'ऑन' का चुकलं?" मजजवळ उत्तर नव्हते. "इंग्रजीत असेच असते," एवढे बोलून मी तिला जागेवर बसविले. ती निमूटपणे बसली. परंतु त्या वर्षात इंग्रजीच्या तासाला तिने पुन्हा प्रश्न विचारला नाही.

ही गोष्ट माझ्या मनाला फार दिवस लागून राहिली. त्या मुलीने निष्काळजीपणाने चूक केली नव्हती. तिने दोन उदाहरणे ताडून पाहिली होती, त्यांतून नियम काढला होता आणि तो नियम तिसऱ्या ठिकाणी लावला होता. विद्यार्थ्याने विचार करावा असे आपण नेहमी म्हणतो. तिने तो केला, आणि तिच्या पदरात पडली ती काट. त्या दिवशी मी तिला जे उत्तर द्यावयास हवे होते, तेच आज आपणांपुढे मांडीत आहे.

प्रथम दोन भाषांच्या रचनेतील भेद पाहू. मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागते, आणि ते त्या नामाच्या मागून येऊन त्याला चिकटते. 'तापावर औषध' यातील 'वर' हे 'ताप' या शब्दाला चिकटलेले आहे. इंग्रजीत हे अव्यय सुटे असते आणि दोन नामांच्या मध्ये उभे राहते: 'मेडिसिन फॉर फीवर'. व्याकरणाच्या पुस्तकात आपण शिकतो की अव्ययाचा अंमल त्याच्या पुढच्या नामावर असतो. हे खरे आहे. परंतु त्यावरून अव्ययाची निवडही पुढचेच नाम करते असा आपला समज होतो, आणि तेथेच घोटाळा होतो. निवड पुष्कळदा आधीचे नाम करीत असते.

याचा पडताळा फळ्यावर सहज घेता येतो. पुढचे नाम 'फीवर' हे कायम ठेवा आणि आधीचे नाम बदला. 'मेडिसिन फॉर फीवर' म्हणजे तापावरचे औषध. 'अ‍ॅन अटॅक ऑफ फीवर' म्हणजे तापाचा झटका. 'डेथ फ्रॉम फीवर' म्हणजे तापाने आलेला मृत्यू. ताप तोच आहे, पण अव्यय तीन वेळा बदलले. कारण 'मेडिसिन', 'अटॅक' आणि 'डेथ' या तीन शब्दांचे सोबती निरनिराळे आहेत. म्हणून विद्यार्थ्याने स्वतःला 'तापाला काय लागते?' असे विचारू नये. 'औषध या अर्थाच्या इंग्रजी शब्दाबरोबर काय येते?' असे विचारावे.

यावर कोणी म्हणेल की, इंग्रजी ही भाषाच लहरी आहे. परंतु आपण आपल्या भाषेकडे पाहावे. आपण एखाद्यावर रागावतो, त्याच्याशी भांडतो, त्याला भितो आणि त्याचा द्वेष करतो. माणूस एकच, मात्र 'वर', 'शी', 'ला' आणि 'चा' अशी चार रूपे झाली. यांचे कारण परक्या माणसाने विचारले तर आपण काय सांगणार? हिंदी ही तर आपल्या भाषेची बहीण. तरी मराठी माणूस आईवर प्रेम करतो आणि हिंदी माणूस 'माँ से' प्रेम करतो. आई तीच, प्रेमही तेच. तरी एका भाषेत ते आईच्या 'वर' असते आणि दुसरीत आई'पासून'. याचा अर्थ असा की, 'प्रेम' या वस्तूच्या अंगी 'वर' किंवा 'पासून' असे काही नसते. प्रत्येक भाषेने आपापली जोडी ठरविलेली असते. मराठीतील जोड्या आपण आईच्या मांडीवर शिकलो, म्हणून त्या आपणांस स्वाभाविक वाटतात. इंग्रजीतील जोड्या आपण वर्गात शिकतो, म्हणून त्या लहरी वाटतात. हे एवढे जरी मी त्या मुलीला सांगितले असते, तरी तिचे समाधान झाले असते.

तथापि सर्व जोड्या केवळ पाठ करावयाच्या आहेत, असेही नाही. मराठी विद्यार्थी कोठे अडखळतो हे पाहिले तर त्या अडखळण्याला ठरावीक वाटा आहेत, असे दिसून येते. त्यांतील तीन वाटा आज दाखवितो.

पहिली वाट आपल्या 'चा-ची-चे' या षष्ठीच्या प्रत्ययाची. 'चा' म्हणजे 'ऑफ' असे आपण प्रारंभीच शिकवितो. 'राजाचा मुलगा' म्हणजे 'द सन ऑफ द किंग'. ते बरोबरच आहे. पण मराठीतील 'चा' हा फार उदार प्रत्यय आहे. वस्तू कोणाची हे तो सांगतो, आणि ती कशासाठी, कशाकडे, कशासंबंधी आहे हेही तोच सांगतो. म्हणून 'प्रश्नाचे उत्तर' याचे आपला विद्यार्थी 'आन्सर ऑफ द क्वेश्चन' असे करतो. इंग्रजीत ते 'आन्सर टू द क्वेश्चन' असे आहे. 'कुलपाची किल्ली' ही 'की टू द लॉक'. 'गावाचा रस्ता' हा 'रोड टू द व्हिलेज'. 'वाचनाची आवड' ही 'इंटरेस्ट इन रीडिंग'. 'पाण्याची मागणी' ही 'डिमांड फॉर वॉटर'. 'शत्रूचा सूड' हा 'रिव्हेंज ऑन द एनिमी'. साही ठिकाणी मराठीत षष्ठी आहे आणि इंग्रजीत एकाही ठिकाणी 'ऑफ' नाही.

येथे विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाचे एक साधन आहे. ज्या कायद्याला आपण सर्वजण 'आर. टी. ई.' म्हणतो, त्याचे पूर्ण नाव आपण कधी लक्षपूर्वक वाचले आहे काय? 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९' असे ते नाव आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या नावात 'हक्क' या एका नामाला दोन षष्ठ्या जोडलेल्या आहेत: 'बालकांचा' हक्क आणि 'शिक्षणाचा' हक्क. आता इंग्रजी नाव पाहा: 'राइट ऑफ चिल्ड्रन टू फ्री अँड कंपल्सरी एज्युकेशन'. मराठीतील पहिल्या 'चा'च्या जागी 'ऑफ' आला आणि दुसऱ्याच्या जागी 'टू'. बालक हे हक्काचे धनी आहेत. शिक्षण ही त्या हक्काने मिळवावयाची वस्तू आहे. धन्याला 'ऑफ', आणि हक्क ज्या वस्तूकडे पोहोचतो तिला 'टू'.

हा भेद विद्यार्थ्याला मराठीतच समजावून देता येतो. 'चा' दिसला की त्याने थांबून विचारावे: हा 'चा' धन्याचा आहे की लक्ष्याचा? 'मुख्याध्यापकांची परवानगी' आणि 'सहलीची परवानगी' यांत पहिली परवानगी देणाऱ्याची आहे, दुसरी ज्या गोष्टीसाठी घ्यावयाची तिची आहे. म्हणून दुसऱ्या ठिकाणी 'परमिशन फॉर द ट्रिप'. 'शिक्षकाचा अर्ज' आणि 'रजेचा अर्ज' यांतही तसेच. अर्ज करणारा धनी शिक्षक, मागितलेली वस्तू रजा. म्हणून 'अ‍ॅप्लिकेशन फॉर लीव्ह'. तो अर्ज ज्यांच्याकडे जातो त्यांना 'टू': 'अ‍ॅप्लिकेशन टू द हेडमास्टर'. आपल्यापैकी कित्येकांच्या अर्जांवर 'अ‍ॅप्लिकेशन ऑफ लीव्ह' असे शब्द असतात. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यापूर्वी आपण आपला अर्ज तपासून पाहावा, हे मी स्वतःला धरून सांगत आहे.

लक्ष्याला 'टू' की 'फॉर' की 'इन', हे मात्र आधीचे नाम ठरविते आणि ते शिकावेच लागते. शिवाय या साधनाला मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. काही नामांचे लक्ष्यही 'ऑफ'नेच दाखविले जाते. 'वाघाची भीती' ही 'फीअर ऑफ द टायगर'. 'इंग्रजीचे ज्ञान' हे 'नॉलेज ऑफ इंग्लिश'. 'वाचनाची सवय' ही 'हॅबिट ऑफ रीडिंग'. 'शाळेचे बांधकाम' हे 'कन्स्ट्रक्शन ऑफ द स्कूल'. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने 'चा'साठी 'ऑफ' लिहिला तर तो बरोबर ठरतो. तेव्हा 'चा' म्हणजे 'ऑफ' हे समीकरण खोटे नाही, ते अपुरे आहे, असे त्याला सांगावे.

'ऑफ'चा पसारा एवढा कसा वाढला, हेही थोडक्यात जाणून घेण्यासारखे आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्याप्रमाणेच नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. कालांतराने ते झिजून गेले. षष्ठीचा 'एस' तेवढा चिन्हासह उरला, आणि बाकीचे काम सुट्या अव्ययांनी उचलले. 'ऑफ' हा शब्द मूळचा 'पासून, दूर' या अर्थाचा. एक 'एफ' असलेला 'ऑफ' आणि दिवा बंद करताना आपण वापरतो तो दोन 'एफ' असलेला 'ऑफ' हे मूळचे एकच आहेत. पहिल्याचा उच्चार पुढे 'ऑव्ह' असा झाला. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तेथे फ्रेंच भाषेचे वर्चस्व झाले, आणि फ्रेंच षष्ठीच्या धर्तीवर 'ऑफ'चा उपयोग अधिकच वाढला. आपला प्रत्यय टिकला आणि त्यांचा झिजला. म्हणून आपण एका 'चा'वर जे भागवितो, ते त्यांना अनेक अव्ययांत वाटून द्यावे लागते.

दुसरी वाट 'वर' या अव्ययाची. हीच त्या मुलीची वाट होती. 'वर' म्हणजे 'ऑन' हे टेबलावरच्या पुस्तकाच्या बाबतीत खरे आहे, आणि कित्येक नामांच्या बाबतीतही दोन्ही भाषा एकमेकींशी जुळतात. जमिनीवरील कर हा 'टॅक्स ऑन लँड'. किल्ल्यावरील हल्ला हा 'अटॅक ऑन द फोर्ट'. पिकावरील परिणाम हा 'इफेक्ट ऑन द क्रॉप'. पावसाळ्यावरील निबंध हा 'एसे ऑन द रेनी सीझन'. प्लॅस्टिकवरील बंदी ही 'बॅन ऑन प्लॅस्टिक'. येथे मराठी आपल्याला साहाय्य करते, ते आनंदाने घ्यावे. मराठीपासून विद्यार्थ्याला सर्वथा तोडून इंग्रजी शिकवावी, या मताचा मी नाही.

परंतु सर्दीवरील उपाय हा 'रेमेडी फॉर कोल्ड'. देवावरील विश्वास हा 'फेथ इन गॉड'. आईवरील प्रेम हे 'लव्ह फॉर मदर'. शत्रूवरील विजय हा 'व्हिक्टरी ओव्हर द एनिमी'. या चार ठिकाणी मराठी 'वर' आपल्याला फसवितो. फळ्यावर दोन रकाने पाडून एकात जुळणाऱ्या जोड्या आणि दुसऱ्यात फसविणाऱ्या जोड्या लिहिल्या, तर मुलांना त्यात कोडे सोडविल्याचा आनंद मिळतो. त्या मुलीचा 'टॅक्स ऑन' पहिल्या रकान्यात आणि 'मेडिसिन फॉर' दुसऱ्या रकान्यात जातो. तिचा प्रश्न हा संपूर्ण पाठाचा उत्तम आरंभ होता, आणि मी तो तेथेच संपविला.

तिसरी वाट क्रियापदाकडून नामाकडे येणारी आहे. या वाटेवर विद्यार्थीच काय, शिक्षक आणि कचेरीतील लेखकही अडखळतात. इंग्रजीत पुष्कळ शब्द क्रियापद म्हणूनही चालतात आणि नाम म्हणूनही. 'आन्सर', 'व्हिजिट', 'अटॅक', 'रिस्पेक्ट', 'डिमांड', 'रिक्वेस्ट' हे ते शब्द. यांची गंमत अशी की, क्रियापद असताना त्यांना मध्ये अव्यय लागत नाही. कर्म थेट पुढे येते. नाम झाल्याबरोबर मात्र सोबती आवश्यक होतो. 'आन्सर द क्वेश्चन' म्हणजे प्रश्नाचे उत्तर द्या. पण 'द आन्सर टू द क्वेश्चन' म्हणजे प्रश्नाचे उत्तर. साहेब 'व्हिजिटेड द स्कूल', पण त्यांची भेट 'अ व्हिजिट टू द स्कूल'. गावकऱ्यांनी 'डिमांडेड अ रोड', पण त्यांची मागणी 'अ डिमांड फॉर अ रोड'. मुले शिक्षकांना 'रिस्पेक्ट' करतात, पण त्यांच्या मनातील आदर हा 'रिस्पेक्ट फॉर द टीचर'.

हा भेद ध्यानात न आल्यामुळे चुका दोन्ही बाजूंनी होतात. 'व्हिजिटेड टू द स्कूल', 'डिमांडेड फॉर अ रोड', 'डिस्कस्ड अबाउट द मॅटर' ही वाक्ये आपण रोज वाचतो. यांतील अव्यये आकाशातून पडलेली नाहीत. ती नामाजवळची आहेत आणि चुकून क्रियापदाजवळ येऊन बसली आहेत. 'डिस्कशन अबाउट द मॅटर' बरोबर आहे, म्हणून कानाला 'डिस्कस अबाउट'ही बरोबर वाटते. विद्यार्थ्याला चुकीचे हे मूळ दाखविले की ती चूक पुन्हा सहसा होत नाही. केवळ काट मारली तर ती पुढच्या पानावर पुन्हा भेटते.

ज्या क्रियापदांना मुळातच अव्यय लागते, त्यांची नामे बहुधा तेच अव्यय सोबत आणतात. 'डिपेंड ऑन' वरून 'डिपेंडन्स ऑन', 'बिलीव्ह इन' वरून 'बिलीफ इन', 'ऑब्जेक्ट टू' वरून 'ऑब्जेक्शन टू', 'अप्लाय फॉर' वरून 'अ‍ॅप्लिकेशन फॉर'. येथे एक जोडी शिकली की दुसरी तिच्याबरोबर आपोआप येते. विशेषणांवरून नामाकडे येताना मात्र सावध राहावे. 'प्राउड ऑफ' असे आपण म्हणतो, पण अभिमान हा 'प्राइड इन'. 'फाँड ऑफ' असे म्हणतो, पण आवड ही 'फाँडनेस फॉर'.

बंधुभगिनींनो, येथवर आपण चूक-बरोबर एवढाच विचार केला. आता अव्यय बदलले की अर्थच बदलतो अशी काही उदाहरणे सांगतो, म्हणजे या लहान शब्दांवर किती अवलंबून असते हे ध्यानात येईल. 'इंटरेस्ट इन' म्हणजे आवड किंवा रस, आणि 'इंटरेस्ट ऑन' म्हणजे व्याज. वाचनात जो असतो तो 'इंटरेस्ट इन रीडिंग', आणि पतसंस्थेच्या कर्जावर जे चढते ते 'इंटरेस्ट ऑन अ लोन'. 'टेस्ट ऑफ मँगो' ही आंब्याची चव, आणि 'टेस्ट फॉर म्युझिक' ही संगीताची अभिरुची. 'मेमरी ऑफ चाइल्डहुड' ही बालपणाची आठवण, आणि 'मेमरी फॉर नेम्स' ही नावे ध्यानात ठेवण्याची शक्ती. 'डिफरन्स बिट्वीन' दोन वस्तूंतील भेद दाखवितो, 'डिफरन्स इन एज' हा भेद कशात आहे ते सांगतो, आणि 'डिफरन्स ऑफ फाइव्ह इयर्स' हा किती आहे ते सांगतो.

कधी कधी तर एका अव्ययाने अर्थ अगदी उलट होतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६ जानेवारी १९४१ रोजी तेथील काँग्रेसपुढे केलेल्या भाषणात चार स्वातंत्र्यांचा उच्चार केला. त्यांतील दोन 'फ्रीडम ऑफ' अशी होती: भाषणाचे आणि उपासनेचे. उरलेली दोन 'फ्रीडम फ्रॉम' अशी: अभावापासून आणि भयापासून. 'ऑफ'ने जी वस्तू सांगितली ती माणसाला मिळावयाची आहे. 'फ्रॉम'ने जी सांगितली तिच्यापासून माणूस सुटावयाचा आहे. येथे 'चा' म्हणजे 'ऑफ' हे समीकरण कोणी यंत्राप्रमाणे उलट फिरविले, तर 'भयापासून मुक्तता' याऐवजी 'भयाचे स्वातंत्र्य' असे भलतेच काही हाती येईल. म्हणून या अव्ययांना किरकोळ समजू नये.

आता वर्गात काय करावे, याविषयी काही सूचना करतो. त्या माझ्या अनुभवातून आल्या आहेत. आपल्या अनुभवाने त्यांत भर पडावी.

एक. फळ्यावर नवे इंग्रजी नाम लिहिताना, त्याला ठरलेला सोबती असेल तर तो बरोबरच लिहावा. 'आन्सर' म्हणजे उत्तर असे एकटे न लिहिता 'आन्सर टू' असे लिहावे. नंतर सोबती शिकविणे हे दोनदा काम होते, आणि मधल्या काळात विद्यार्थी स्वतःचा सोबती शोधून बसतो.

दोन. जोडी नेहमी लहानशा पूर्ण वाक्यांशात म्हणून घ्यावी: 'द की टू द डोअर', 'अ लेटर टू माय फादर', 'मेडिसिन फॉर कफ'. डोळ्यांपेक्षा कानाला जोडी लवकर सवयीची होते. पाढे जसे ठेक्यात म्हणून घेतो तशाच या जोड्या दिवसाच्या आरंभी पाच मिनिटे म्हणून घेतल्या, तर वर्षाअखेर शंभरावर जोड्या सहज पाठ होतात.

तीन. गाळलेल्या जागा भरा, हा प्रश्न आपण फार लवकर घालतो. जी जोडी विद्यार्थ्याने कधी ऐकलीही नाही, तिची गाळलेली जागा तो तर्कानेच भरणार, आणि तर्क मराठीच्या वाटेनेच जाणार. गाळलेली जागा ही परीक्षा आहे, शिकवण नव्हे. आधी पेरावे, मग कापणीला जावे.

चार. लहान वर्गांना थोड्याच जोड्या द्याव्यात. पाचवीपर्यंत वीस-पंचवीस जोड्या पक्क्या झाल्या तरी पुरे. उत्तर, किल्ली, रस्ता, पत्र, चित्र, गोष्ट, औषध, आवड, प्रेम, भीती, वेळ आणि जागा या रोजच्या नामांपासून आरंभ करावा. मी वर सांगितलेले सर्व भेद शिक्षकाला ठाऊक असावेत. ते सर्व मुलांपुढे ओतू नयेत.

पाच. शंका आल्यास शब्दकोश पाहावा, पण योग्य ठिकाणी पाहावा. अव्ययाखाली पाहू नये. 'फॉर' या शब्दाखाली त्याचे अनेक अर्थ दिलेले असतात आणि त्यांतून काहीच निष्पन्न होत नाही. नामाखाली पाहावे. 'डिमांड' हे नाम काढले की त्याच्यापुढे 'फॉर' छापलेले आढळेल. ही सोय ज्यांनी केली त्यांचे स्मरण करणे उचित आहे. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ मध्ये जपानात इंग्रजी शिकविण्यास गेले. जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह परकीय विद्यार्थ्यांसाठी एक इंग्रजी कोश रचला. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने जगापुढे आणला. शब्दाचा अर्थ सांगून न थांबता तो शब्द वाक्यात कसा बसतो हेही सांगावे, हा त्या कोशाचा विशेष. आज 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' या नावाने तोच कोश नवनव्या आवृत्त्यांतून चालू आहे. आपल्या शाळेच्या कपाटात त्याची एक प्रत असावी आणि ती कुलपात नसावी.

सहा. तपासताना घाई करू नये. काही नामांना दोन सोबती चालतात. गणितात 'सोल्यूशन ऑफ अ‍ॅन इक्वेशन' असे लिहितात, आणि अडचणीच्या बाबतीत 'सोल्यूशन टू अ प्रॉब्लेम' असे अधिक लिहितात. 'नीड फॉर' आणि 'नीड ऑफ' दोन्ही आढळतात. 'रीझन'ला 'फॉर' लागते आणि 'कॉज'ला बहुधा 'ऑफ'. म्हणून गैरहजेरीचे कारण हे 'रीझन फॉर अ‍ॅब्सेन्स', पण आगीचे कारण हे 'कॉज ऑफ द फायर'. मराठीत दोन्हींना आपण 'कारण'च म्हणतो. अशा ठिकाणी आपली खात्री नसेल तर काट न मारता बाजूस एक टिंब द्यावे, कोश पाहावा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे. "काल मला ठाऊक नव्हते, आज पाहून आलो," असे शिक्षकाने म्हटल्याने त्याचा मान कमी होत नाही. खरे उत्तर शोधावे लागते आणि ते शोधता येते, हा धडा त्या एका वाक्याने मुलांना मिळतो.

आपल्या गावांतून येणारी बहुसंख्य मुले घरी इंग्रजी ऐकत नाहीत. शहरातील काही मुलांच्या कानावर या जोड्या नकळत पडतात. आपल्या मुलांच्या कानावर त्या पडतात त्या केवळ आपल्या मुखातून. आपण 'आन्सर ऑफ द क्वेश्चन' म्हटले तर ती तेच घेऊन महाविद्यालयात, मुलाखतीत आणि कचेरीत जातील. तेथे त्यांची बुद्धी कोणी मोजणार नाही. त्यांचे 'ऑफ' आणि 'टू' मोजले जातील. हे न्याय्य नाही, परंतु असे घडते. एवढ्यासाठी तरी आपले शब्द शुद्ध असले पाहिजेत.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मूल 'का' म्हणून विचारते तेव्हा त्याला बसवू नये. ती मुलगी आज कोठे आहे, हे मला ठाऊक नाही. पुन्हा भेटली तर तिला सांगेन, "बाळ, तुझा तर्क बरोबर होता. 'वर' हा शब्द मराठीत करालाही लागतो आणि औषधालाही. इंग्रजीने त्यांना दोन निरनिराळे सोबती दिले आहेत. आता तूच आणखी असे शब्द शोधून काढ." हे सांगण्यास मला मिनिटभरही लागले नसते. ते मिनिट मी त्या दिवशी दिले नाही. आपण आपल्या वर्गात ते द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.